शेगडी तिची, जबाबदारी कुणाची?

'गॅसचा भडका उडून महिला भाजली' अशी बातमी वर्तमानपत्राच्या जिल्ह्याच्या पानावर तीन-चार ओळींत येते. तीत बाईचे वय असते, गावाचे नाव असते आणि शेवटी एक ठरलेले वाक्य असते : नळीतून गॅसगळती झाल्याचे समजते. ती नळी किती वर्षांची होती, शेवटची कुणी तपासली होती, घर स्वतःचे होते की भाड्याचे, स्वयंपाकघराला उघडणारी खिडकी होती का, यातले काहीही बातमीत नसते. हे प्रश्न पोलीस विचारत नाहीत, शेजारी विचारत नाहीत, आणि खरे सांगायचे तर आपल्या संघटनाही फारशा विचारत नाहीत. 'बाईचे लक्ष नव्हते' एवढ्यावर सगळे मिटते.

मी बुलढाणा जिल्ह्यात समाजकार्य करते. बचत गट, रेशनकार्डाच्या अडचणी, नवऱ्याच्या मारहाणीच्या तक्रारी अशी आमची रोजची कामे. वस्तीत गेले की बसायचे बहुधा स्वयंपाकाच्या खोलीतच, कारण बाई तिथेच असते. बोलता बोलता डोळे ओट्याखाली जातात. तडे गेलेली नळी, तारेने आवळलेले तिचे टोक, टाकीच्या अगदी वर लोंबणारा विजेचा बोर्ड. जमिनीवर ठेवलेली शेगडी आणि तिच्या बाजूला तिच्याहून उंच उभी टाकी. एका नगरपालिकेच्या सफाई कामगार वसाहतीत मी सहज विचारले, गॅस तपासायला कधी कोणी आले होते का? बाई हसली. म्हणाली, "आमच्याकडं कोन येते ताई चेक कराले? टाकी ठेवते न निंगून जाते."

या लेखात मला भाड्याच्या घरांविषयी, आणि त्यातही सरकार किंवा नगरपालिका ज्यांची मालक आहे अशा घरांविषयी लिहायचे आहे. सफाई कामगारांच्या चाळी, पोलीस लाईन, आरोग्य उपकेंद्राच्या मागचे नर्सबाईचे क्वार्टर. इथे राहणाऱ्यांचा घरभाडे भत्ता बंद असतो, वर दरमहा पगारातून रक्कम कापली जाते. म्हणजे भाडे दिले जाते. मग भाडे घेणाऱ्याची जबाबदारी काय, असा साधा प्रश्न आहे. खामगाव-मलकापूरच्या कारखान्यांत काम करणारी कुटुंबे, शेगावला लॉजमध्ये झाडलोट करणाऱ्या बाया, शिकायला चिखली-बुलढाण्याला खोली करून राहणाऱ्या मुली यांचे घरमालक खाजगी आहेत, पण प्रश्न तोच आहे.

नियम आहेत, पण कुणासाठी?

नियम नाहीत असे कुणी म्हणू नये. गॅसच्या एजन्सीने दर पाच वर्षांनी ग्राहकाच्या घरी माणूस पाठवून शेगडी, नळी, रेग्युलेटर यांची सक्तीची तपासणी करायची असते. तिचे शुल्क ग्राहकाकडून घेतले जाते. नारिंगी रंगाची, आत पोलादी तारेची जाळी असलेली 'सुरक्षा' नळीही दर पाच वर्षांनी बदलायची असते. अलीकडे तेल कंपन्यांनी टाकी पोचवतानाच मोफत जुजबी तपासणी करण्याची मोहीमही काढली. देशभरात अशा १२ कोटींहून अधिक तपासण्या झाल्याचे केंद्र सरकार सांगते.

याशिवाय विमा आहे, आणि तो आपल्या बायांना क्वचितच माहीत असतो. तेल कंपन्या सर्व नोंदणीकृत ग्राहकांसाठी सार्वजनिक दायित्व विमा काढतात. ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. गॅसमुळे लागलेल्या आगीत मृत्यू झाला तर माणशी ६ लाख रुपये, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत (एका अपघाताला जास्तीत जास्त ३० लाख), आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत अशी त्यात तरतूद आहे. मात्र मालमत्तेची भरपाई ग्राहकाच्या नोंदलेल्या पत्त्यावरच्या जागेपुरतीच आहे.

'ग्राहक' आणि 'नोंदलेला पत्ता' या दोन शब्दांपाशीच भाड्याच्या घरातली बाई बाहेर पडते. कारण तपासणीचा माणूस जातो तो कार्डावरच्या पत्त्यावर. कार्ड गावाकडच्या सासऱ्याच्या नावाचे, आणि टाकी मात्र शहरातल्या खोलीत. कार्ड आधीच्या भाडेकरूचे, तो दोन वर्षांपूर्वी निघून गेला आणि जाताना शेगडी-टाकी विकून गेला. कार्ड खुद्द घरमालकाचे, तो वरच्या मजल्यावर राहतो आणि टाकीमागे वरचे पैसे घेऊन खाली देतो. सफाई कामगारांच्या वसाहतीत तर कार्डावर नाव असलेला माणूस वारलेला आणि त्याच्या जागी लागलेली सून त्याच कार्डावर नंबर लावते, असेही आढळते. या सगळ्या घरांत रोज दोन वेळा गॅस पेटतो. कागदावर मात्र तिथे कोणी ग्राहकच नाही.

तपासणारा आला तरी तो कधी येतो तेही पाहा. तो येतो दिवसा अकरा ते चारच्या दरम्यान. त्या वेळी बाई कापूस वेचायला किंवा सोयाबीन सोंगायला गेलेली असते. सफाई कामगार बाई पहाटेपासून रस्त्यावर असते. घरी असते ती एखादी शाळकरी मुलगी, आणि तिला बजावलेले असते की अनोळखी माणसाला दार उघडायचे नाही. ते बजावणेही चूक नाही, कारण एजन्सीचे नाव सांगून निकृष्ट नळ्या गळ्यात मारणारे लोकही फिरतात. मग नोंदवहीत शेरा पडतो, 'घर बंद'.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हा गरीब घरातल्या बाईच्या नावावर जोडणी देण्याचे ठरले. ही चांगलीच गोष्ट होती. योजनेतली आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बचत गटांच्या बायांच्या मेळाव्यात दिली गेली. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्यासाठी स्वतःचे घोषणापत्र चालेल असे ठरले. २०२४ साली राज्य सरकारने अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत देऊ केल्या, तेव्हाही जोडणी बाईच्या नावावर असावी अशी अट होती. त्या निमित्ताने कितीतरी बायांना पहिल्यांदाच कळले की आपण ज्या शेगडीपुढे आयुष्य काढले ती आपल्या नावाची नाही.

थोडक्यात, जोडणी देण्यात सरकारने उत्साह दाखवला. पण जोडणी दिल्यानंतर ती ज्या चार भिंतींत जाते त्या भिंतींकडे कुणी पाहिले नाही.

धोका नळीत असतो तसा भिंतीतही असतो

'शेगडी तुमची, नळी तुमची, मग घरमालक काय करणार?' असे आम्हाला अधिकारी विचारतात. या प्रश्नाचे उत्तर नीट दिले पाहिजे.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो, आणि जमिनीवरच आपली मुले झोपलेली असतात. त्याला मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, पण बाहेर जायला वाट नसेल तर वासाचा उपयोग किती? ओटा असला की शेगडी टाकीपेक्षा उंच राहते. ओटा नसला की बाई जमिनीवर शेगडी मांडते, पदर पायाशी आणि ज्योत त्याच उंचीवर. खिडकी गॅलरीत उघडत असेल तर येणारे-जाणारे आत पाहतात म्हणून ती कायमची बंद ठेवावी लागते. विजेचा बोर्ड टाकीच्या डोक्यावर असेल तर बटण दाबताना उडणारी ठिणगी पुरेशी होते. ओटा, खिडकी, जमिनीलगतची जाळी, विजेची फिटिंग यांतले एकही भाडेकरूच्या हातात नाही. सरकारी क्वार्टरमध्ये तर खिळा ठोकायलाही परवानगी लागते.

अलीकडे त्यात गॅसच्या गिझरची भर पडली आहे. न्हाणीघरात गिझर बसवून खोली 'सोयीची' म्हणून जास्त भाड्याने दिली जाते. बंद न्हाणीघरात असा गिझर जळत राहिला की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. आधी डोके जड होते, मग शुद्ध हरपते. थंडीत दार-खिडकी घट्ट लावून अंघोळ करणारी बाई किंवा मुलगी आत कोसळते आणि बाहेर कळायला उशीर होतो. हा गिझर घरमालकाने बसवलेला असतो. तो मोकळ्या हवेत बाहेर बसवला का, त्याचा धूर बाहेर जातो का, हे पाहणे त्याचेच काम नाही तर कुणाचे?

सरकार घरमालक असते तेव्हा

आपला वऱ्हाड पूर्वी मध्य प्रांतात होता. त्यामुळे घरभाड्याचा १९४९ चा जुना मध्य प्रांत-वऱ्हाडचा आदेश इथे दीर्घकाळ चालला. मार्च २००० पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगे, दुरुस्त ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. त्याने टाळाटाळ केली तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि ठराविक मर्यादेपर्यंत तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी करून नोंदवणे हीही घरमालकाचीच जबाबदारी आहे. गॅसचा उल्लेख नसला तरी खिडकी, वायरिंग, ओटा यांसाठी भांडायला खाजगी भाडेकरूच्या हाती निदान काहीतरी आहे.

पण याच कायद्याचे कलम ३ वाचा. सरकारच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. म्हणजे खाजगी घरमालकाला सरकारने कायद्याने बांधून घेतले आणि स्वतःला मोकळे ठेवले. सफाई कामगार बाईने तक्रार करायची ती कुणाकडे? नगरपालिका तिची मालक आहे आणि घरमालकही आहे. ओट्यासाठी अर्ज केला तर उद्या साहेब ड्यूटी बदलतील ही भीती खोटी नाही. नर्सबाईचे क्वार्टर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, तिची नोकरी आरोग्य विभागाकडे. दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात.

गॅस पुरवणाऱ्या इंडियन ऑईल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या कंपन्याही सरकारी मालकीच्याच आहेत. एका बाजूला घर सार्वजनिक मालकीचे, दुसऱ्या बाजूला गॅसही सार्वजनिक मालकीच्या कंपनीचा, आणि मधे जी बाई उभी आहे तिला दोन्ही बाजू सांगतात, 'काळजी घ्या'.

दुसरीकडे काय करतात?

इंग्लंडमध्ये १९९८ पासून गॅस सुरक्षेचे जे नियम लागू आहेत, ते घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाला लागू आहेत. नगरपालिका असो, गृहनिर्माण संस्था असो की खाजगी मालक, त्याने घरात दिलेल्या गॅसच्या प्रत्येक उपकरणाची आणि धुराड्याची दर वर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यायची. तपासणीच्या कागदाची प्रत २८ दिवसांच्या आत भाडेकरूला द्यायची. नवा भाडेकरू असेल तर तो राहायला येण्यापूर्वीच द्यायची. हे न करणे गुन्हा आहे.

तिथे गॅस नळाने येतो, बॉयलर मालकाचा असतो, भाडेकरूच्या स्वतःच्या शेगडीच्या तपासणीचा भार मालकावर नाही. आपली परिस्थिती वेगळी आहे हे मी जाणते. ते नियम जसेच्या तसे इथे आणा असे माझे म्हणणे नाही. घ्यायचे ते त्यातले तत्त्व. तपासणी ही राहणाऱ्या माणसाच्या नशिबावर किंवा जागरूकतेवर सोडलेली नाही. जो भाडे घेतो त्याने ती करायची, ठराविक मुदतीत करायची, आणि कागद भाडेकरूच्या हातात द्यायचा.

आपल्याकडेही हे तत्त्व अनोळखी नाही. कारखान्यांचे कायदे झाले, तेव्हापासून यंत्रापुढे उभ्या असलेल्या कामगाराच्या सुरक्षिततेसाठी निरीक्षक आले. यंत्राला जाळी लावायची ती मालकाने, हे मान्य झाले. स्वयंपाकघर ही बाईची कामाची जागा आहे हे मात्र अजून मान्य झालेले नाही. तिथे काम होते, आग असते, दाबाखालचा गॅस असतो. पगार नसतो म्हणून निरीक्षकही नसतो.

'अपघात' या शब्दाचे दोन उपयोग

स्त्री संघटनांना या विषयात पडण्याचे आणखी एक कारण आहे. ऐंशीच्या दशकात आपल्या चळवळीने एक वाक्य उघडे पाडले होते : 'स्टोव्हचा भडका उडाला.' सासरी जाळलेल्या कितीतरी सुना या एका वाक्याखाली गाडल्या गेल्या. मोर्चे निघाले, कायदे बदलले. १९८३ साली ४९८-अ कलम आले, लग्नाला सात वर्षे होण्याआधी झालेल्या बाईच्या मृत्यूच्या चौकशीचे नियम कडक झाले, १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब कलम आले. १ जुलै २०२४ पासून हीच कलमे भारतीय न्याय संहितेत ८५, ८६ आणि ८० या क्रमांकांनी आहेत.

स्टोव्ह गेला, गॅस आला. वाक्य मात्र टिकून आहे, फक्त त्यातला एक शब्द बदलला. त्याचे दोन उपयोग होतात. जिथे खून असतो तिथे 'अपघात' म्हणून तो लपवता येतो. आणि जिथे खरोखर नळी फुटलेली असते, तिथे 'बाईचा निष्काळजीपणा' म्हणून घरमालक, एजन्सी आणि कंपनी सुटतात. दोन्ही वेळा दोष जळालेल्या बाईवरच येतो, आणि दोन्ही वेळा एकाच गोष्टीची उणीव असते : त्या स्वयंपाकघराची भडक्याच्या आधीची कसलीही नोंद नसते.

सहा महिन्यांपूर्वी नळी आणि रेग्युलेटर ठीक होते असा सहीशिक्क्याचा कागद असेल, तर 'नळी फुटली' म्हणणाऱ्या सासरच्यांना पोलीस चार प्रश्न जास्त विचारतील. आणि खिडकी बंद आहे, वायरिंग धोक्याचे आहे असा लेखी शेरा असूनही मालकाने काही केले नसेल, तर जबाबदारी त्याची आहे हे दाखवता येईल. एका कागदाने न्याय मिळतो असे मी म्हणत नाही. पण कागद नसला की बाईच्या बाजूने बोलायला काहीच उरत नाही, हे आपण पोलीस ठाण्यात आणि कोर्टात पुष्कळदा पाहिले आहे.

मागण्या आणि काम

म्हणून माझ्या मते आपण पुढील मागण्या एकत्रितपणे मांडल्या पाहिजेत.

पहिली, सरकार, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्या मालकीच्या प्रत्येक निवासस्थानात वर्षातून एकदा गॅसची आणि स्वयंपाकघराची तपासणी व्हावी. खर्च मालक संस्थेने करावा. त्यात नळी-रेग्युलेटरबरोबर खिडकी, ओटा, वायरिंग आणि गिझर यांचीही नोंद असावी.

दुसरी, तपासणीचा मराठीतला कागद त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातात द्यावा. कार्ड कुणाच्याही नावावर असो.

तिसरी, तपासणीची तारीख आणि वेळ वस्तीतल्या बायांना विचारून ठरवावी, आणि तपासणाऱ्यांत प्रशिक्षित स्त्रिया असाव्यात. आपल्या बचत गटांतल्या मुली हे काम शिकू शकतात. त्यातून चार जणींना रोजगारही मिळेल.

चौथी, भाड्याच्या घरात राहणाऱ्या बाईला त्याच पत्त्यावर स्वतःच्या नावाने जोडणी मिळण्यात घरमालकाच्या संमतीची अडवणूक होऊ नये.

मैत्रिणींनो, या मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. येत्या महिन्यात प्रत्येक मंडळाने आपल्या भागातली एक वसाहत घ्यावी आणि घरोघरी जाऊन चारच गोष्टी लिहून आणाव्यात : कार्ड कुणाच्या नावाचे, नळीवर छापलेले वर्ष कोणते, खिडकी उघडते का, शेवटची तपासणी केव्हा झाली. जाताना साबणाचे पाणी बरोबर ठेवा. जोडावर लावले आणि बुडबुडे आले की गळती आहे हे बायांना डोळ्यांनी दिसते. काडी ओढून पाहायची नाही, हे पुन्हा पुन्हा सांगा. वास आला तर रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, विजेचे कुठलेही बटण चालू किंवा बंद करायचे नाही, बाहेर पडून १९०६ या क्रमांकावर फोन करायचा, हे मुलांनाही पाठ करून द्या. तपासणारा आला तर ओळखपत्र पाहून, एजन्सीला फोन करून मगच आत घ्या. अपघात झालाच तर एजन्सीला लेखी कळवून पोच घ्या, कारण विम्याचा रस्ता तिथूनच सुरू होतो.

ही माहिती गोळा झाली की ती घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ. शंभर घरांच्या नोंदी टेबलावर ठेवल्या की 'काळजी घ्या' एवढे सांगून आपल्याला परत पाठवता येणार नाही. काळजी तर बाया रोज घेतातच. आता भाडे घेणाऱ्याने घ्यायची आहे.